खोल पाण्याचे बळ: युरोपीय लढाऊ जहाजांच्या प्रश्नाचा रेवदंड्यावरून आढावा

प्रश्नाची मांडणी

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर रेवदंड्याचा कोट आहे आणि समोर, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर, कोर्लईचा किल्ला. १५२१ पासून १७४० पर्यंत रेवदंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिला. आफ्रिकेला वळसा घालून येणारी मोठी, तोफांनी सज्ज शिडाची जहाजे पाठीशी नसती, तर थोड्या माणसांना हा कोट जवळजवळ सव्वादोनशे वर्षे राखता आला नसता, याबद्दल इतिहासकारांत दुमत नाही. वाद त्यापुढचा आहे. या जहाजांचे बळ नेमके कशात होते? ते कुठवर चालत होते? आणि इथल्या सत्तांनी तशी जहाजे का बांधली नाहीत? जमले नाही म्हणून, गरज वाटली नाही म्हणून, की इथल्या पाण्यात ती सोयीची नव्हती म्हणून?

गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत ही चर्चा बहुधा शिवाजी महाराजांचे आरमार आणि आंग्रे यांच्याभोवती फिरते, तर इंग्रजीत ती पोर्तुगीजांच्या आणि पुढे इंग्रजांच्या विजयांपासून सुरू होते. दोन्हीकडचे लेखन शेजारी ठेवून वाचले तर बरेच मतभेद सुटतात आणि खरे अडलेले प्रश्न कोणते ते कळते. तसे वाचायला कोकण किनाऱ्यावर रेवदंड्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. मोठे जहाज हरले, मोठ्या जहाजाने कोट तारला आणि अखेर तो कोट हातचा गेला, या तिन्ही गोष्टी या एकाच नदीमुखाशी घडल्या आहेत.

बंदर आणि कोट

चौल हे फार जुने बंदर. ग्रीक भूगोलकारांना ते ठाऊक होते. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत आणि दहाव्या शतकात अल्-मसूदीने त्याचे वर्णन केले आहे. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच बंदरात उतरून बहमनी मुलखात गेला. घोडे इथे उतरत आणि कापड इथून जाई. बहमनी राज्य फुटल्यावर चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले.

पोर्तुगीजांना इथे १५१६ मध्ये वखारीची परवानगी मिळाली आणि १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने कोट बांधायला सुरुवात झाली. निजामशहाला घोड्यांचा पुरवठा हवा होता आणि पोर्तुगीजांना दीव व गोवा यांच्यामधला एक भक्कम थांबा. म्हणजे मोठ्या जहाजांना किनाऱ्यावर पाय रोवायला मिळाला तो इथल्या सत्तेशी झालेल्या देवघेवीतून. निजामशाहीचे चौल आत राहिले आणि मुखाजवळचा रेवदंडा पोर्तुगीजांचे चौल म्हणून वाढला. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र १५९४ पर्यंत त्यांच्या हाती आला नव्हता. तो आल्यावर मुखाच्या दोन्ही काठांवर त्यांच्या तोफा झाल्या.

जहाजाची घडण

वादाचा विषय असलेले जहाज एकच एक नव्हते. १४९८ मध्ये वास्को द गामा आला तेव्हाची जहाजे आकाराने बेताची होती. त्यानंतरच्या शतकात तीन प्रकार महत्त्वाचे ठरले.

पहिला प्रकार नाव, म्हणजे भारताच्या फेरीचे मोठे मालवाहू जहाज. त्याची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट, पोट फुगीर, पुढे नाळेवर आणि मागे सुकाणूवर उंच माड्या. तीन डोलकाठ्यांपैकी पुढच्या दोहोंवर चौकोनी शिडे आणि मागच्या काठीवर तिरपे तिकोनी शीड असे. चौकोनी शिडे पाठच्या वाऱ्याचा जोर घेत, तिकोनी शीड वळायला उपयोगी पडे. मिरी भरून आणायची म्हणून ही जहाजे वाढत गेली. १५९२ मध्ये इंग्रजांनी आझोर्स बेटांजवळ पकडलेले ‘माद्रे दे देउस’ सोळाशे टनांचे आणि सात मजल्यांचे होते. इतके मोठे जहाज वळायला जड आणि वादळात धोक्याचे. पोर्तुगालच्या राजाने १५७० मध्ये जहाजांच्या आकाराला कायद्याने मर्यादा घालून पाहिली, पण जास्त मालाच्या लोभापुढे तो कायदा टिकला नाही.

दुसरा प्रकार कॅरावेल. हलके, चपळ आणि वाऱ्याच्या तोंडाशी बरेच तिरपे जाऊ शकणारे. टेहळणीला आणि उथळ पाण्याला ते बरे पडे. तिसरा प्रकार गॅलियन. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याला रूप आले. पुढची माडी खाली आणली, लांबी रुंदीच्या चौपटीकडे नेली, आणि जहाज मुळातच तोफांसाठी आखले. व्यापारी जहाजावर तोफा चढवणे आणि तोफांसाठी जहाज बांधणे यातला फरक इथून स्पष्ट होतो.

तोफांचा प्रश्न मुख्यतः वजनाचा होता. जड तोफ वरच्या मजल्यावर ठेवली तर जहाज कलंडते. १५०० च्या आसपास बाजूच्या फळ्यांत झडपांची दारे पाडून तोफा खालच्या मजल्यावर नेण्याची रीत पसरली आणि एका बाजूने एकदम मारा करणे शक्य झाले. पण ही दारे पाण्याच्या रेषेच्या जवळ येत. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ १५४५ मध्ये आणि स्वीडनचे ‘वासा’ १६२८ मध्ये कलंडले ते याच दारांतून पाणी शिरून. पुढे दोन्ही समुद्रातून वर काढली गेली, त्यामुळे त्यांची घडण आज मोजून सांगता येते. एकामागे एक रांग धरून बाजूच्या तोफांनी लढण्याचे शास्त्र तर सतराव्या शतकाच्या मध्याला पक्के झाले. म्हणून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जहाजाला अठराव्या शतकाच्या जहाजाचे गुण चिकटवू नयेत. या वादातल्या बऱ्याच चुका इथेच होतात.

आपल्याकडची घडण वेगळ्या गरजांतून आलेली होती. पश्चिम किनाऱ्यावर सागवान मुबलक. फळ्या काथ्याने शिवण्याची रीत जुनी होती, सोळाव्या-सतराव्या शतकांत लोखंडी खिळे वाढत गेले. फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तीत घट्ट बसवण्याची गुजरातची पद्धत इतकी पक्की होती की पाणी झिरपणे फार कमी होई. लढाईसाठी गुराब आणि गलबत ही जोडी प्रसिद्ध. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, नाळेकडे सखल. नाळेवर समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा आणि बाजूंना लहान तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी चालणारे. वारा नसताना गलबतांनी गुराबेला ओढून न्यायचे आणि शत्रूच्या मागच्या बाजूला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे आणून ठेवायचे, अशी लढण्याची रीत होती.

पहिली कसोटी: १५०८ आणि १५०९

मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत म्हणून चौलच्या नदीत नांगर टाकून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाने धाडलेले अमीर हुसेनचे आरमार तिथे येऊन भिडले. आधी तोफांचा मारा चालला. पोर्तुगीजांनी शत्रूच्या जहाजांना भिडून चढण्याचा प्रयत्न केला, पण वारा आणि प्रवाह अनुकूल नव्हते. मग दीवचा सुभेदार मलिक अयाज हलक्या नावांचा ताफा घेऊन हुसेनच्या मदतीला आला. पोर्तुगीजांनी बाहेर पडायचे ठरवले तेव्हा लोरेन्सोचे जहाज गोळ्याने फुटून पाणी घेऊ लागले होते. ओहोटीच्या ओढीत ते कोळ्यांनी मासेमारीसाठी नदीत रोवलेल्या खांबांत अडकले. सोबतच्या नावेने त्याला ओढून काढण्याची खटपट केली, ती फसली. लोरेन्सो तिथेच मारला गेला आणि जहाज गेले.

डोल जाळी बांधायला असे खुंट रोवण्याची रीत या किनाऱ्याच्या कोळ्यांना आजही परकी नाही. हिंदी महासागरातल्या पोर्तुगीजांच्या पहिल्या मोठ्या पराभवात तिचाही वाटा आहे.

सूड घ्यायला निघालेल्या बापाने डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ जाळले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवला अमीर हुसेनचे आरमार मोडले. बहुतेक पुस्तके दीवची लढाई निर्णायक म्हणून सांगतात आणि चौलची लढाई अपघात म्हणून सोडून देतात. दोन्ही एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. दीवची लढाईही खुल्या समुद्रावर झाली नाही. मामलुक जहाजे बंदरात काठाला धरून उभी होती आणि पोर्तुगीज आत शिरले. तेव्हा मोठे जहाज नदीमुखात कुचकामीच ठरते असा नियम काढता येत नाही. चौलला ते अनपेक्षितपणे आत कोंडले गेले. दीवला वेळ, वारा आणि पाणी हेरून ते आपण होऊन आत गेले. फरक पडला तो वेळ निवडण्याचा हक्क कोणाकडे होता यावर.

पहिली भूमिका: तोफ आणि शीड

या वादातली सर्वांत वजनदार मांडणी इटालियन अर्थेतिहासकार कार्लो चिपोला यांची. १९६५ च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा की युरोपने माणसांच्या बाहुबळावर चालणारे जहाज सोडून वारा आणि दारूगोळा यांवर चालणारे जहाज घडवले. थोड्या खलाशांनी मोठी मारक शक्ती हजारो मैल नेणे त्यामुळे शक्य झाले. जमिनीवर युरोपीय लोक शतकानुशतके दुबळेच होते, पण समुद्रावर त्यांना तोड नव्हती. जेफ्री पार्कर यांनी १९८८ मध्ये ही मांडणी युरोपातल्या लष्करी क्रांतीच्या सूत्रात बसवली. टोनियो आंद्राद यांनी अलीकडे तिला नेमकेपणा दिला. त्यांच्या मते तोफा आणि बंदुका आशियात उत्तम होत्या. युरोपची आघाडी दोनच गोष्टींत होती: बाजूने मारा करणारे, वाऱ्याच्या तोंडाशी तिरपे जाऊ शकणारे जहाज आणि कोनदार बुरुजांचा किल्ला.

भारतीय लेखकांत का. मा. पणिक्कर यांनी याहून आधी, १९४५ आणि १९५३ च्या पुस्तकांत, भारताने समुद्रावरचा ताबा गमावला आणि तिथून पारतंत्र्य सुरू झाले, असे सांगितले. चिपोलांचा विषय यंत्राची श्रेष्ठता, पणिक्करांचा विषय आपल्या राज्यकर्त्यांचे दुर्लक्ष. पण समुद्र ज्याचा त्याचा किनारा, या निष्कर्षावर दोघे एक आहेत.

रेवदंड्याच्या इतिहासात या भूमिकेला भक्कम आधार १५७०-७१ च्या वेढ्याचा. मुर्तझा निजामशहाने मोठे सैन्य आणि जड तोफा घेऊन कोटाला जमिनीच्या बाजूने वेढले. त्याच सुमारास आदिलशहाने गोव्याला वेढा घातला. निजामशाहीचे तोफा ओतण्याचे काम मामुली नव्हते. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरसाठीच ओतली गेली. तरीही कोट पडला नाही. समुद्राची वाट मोकळी होती, त्या वाटेने माणसे, दारू आणि धान्य येत राहिले. १५७१ मध्ये तह झाला.

दुसरी भूमिका: प्रश्न इच्छेचा होता

मायकेल पिअर्सन यांनी गुजरातच्या अभ्यासातून वेगळे सूत्र मांडले. भारतातल्या मोठ्या सत्तांचा महसूल जमिनीतून येई. समुद्रावरचा व्यापार हा व्यापाऱ्यांचा मामला होता. पोर्तुगीजांनी समुद्रात जहाज नेण्यासाठी परवाने घ्यायला लावले, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांचे पैसे मोजले, माल चालू ठेवला आणि राज्यकर्त्यांनी त्यासाठी आरमार उभारण्याची तसदी घेतली नाही. या दृष्टीने पोर्तुगीजांचे समुद्रावरचे वर्चस्व खरे होते, पण ते जवळजवळ बिनविरोध मिळालेले होते.

या भूमिकेच्या बाजूने एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे आकार. मोगल राजमातेचे ‘रहीमी’ १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले, ते हिंदी महासागरातल्या सर्वांत मोठ्या जहाजांत गणले जाई. औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ १६९५ मध्ये इंग्रज चाच्यांनी लुटले, तेव्हा त्यावर डझनावारी तोफा होत्या. म्हणजे मोठे जहाज बांधता येत नव्हते किंवा त्यावर तोफा नव्हत्या असे नाही. ती यात्रेकरू आणि माल नेणारी जहाजे होती. लढण्याचा सराव असलेले खलाशी, एकत्र हालचाल करणारा ताफा आणि त्यामागे उभी असलेली तिजोरी यांची उणीव होती.

कारागिरीचा पुरावा तर आणखी स्पष्ट आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानाची मोठी लढाऊ जहाजे बांधली. १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’ चौऱ्याहत्तर तोफांचे होते. १८४२ चा नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. १८२४ चे ‘एशिया’ १८२७ मध्ये नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश निशाणाचे जहाज होते. १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. हात इथले, लाकूड इथले. आखणी, पैसा आणि मागणी मात्र दुसऱ्याची.

या भूमिकेवर आक्षेप असा की इच्छा आणि क्षमता इतक्या सहज वेगळ्या करता येत नाहीत. आरमार एका राजाच्या मर्जीने उभे राहत नाही. तोफा ओतणारे, नकाशे करणारे, जहाजे आखणारे यांच्या पिढ्या लागतात, आणि त्या घडायला सततची मागणी लागते.

तिसरी भूमिका: बळ मर्यादित आणि जागेपुरते होते

पी. जे. मार्शल यांनी १९८० च्या एका लेखात आशियाच्या समुद्रांवरील युरोपीय शस्त्रबळाची पुन्हा मोजदाद केली आणि ते सुरुवातीच्या काळात समजले जाते तितके निरपवाद नव्हते असे दाखवले. संजय सुब्रह्मण्यम यांच्या लेखनात पोर्तुगीज सत्ता ही स्थानिक राजांशी सतत वाटाघाटी करणारी, आतून विस्कळीत आणि जागोजाग वेगळी दिसते. जे. सी. शर्मन यांनी २०१९ मध्ये तर लष्करी क्रांतीचे सूत्रच या भागाला लागू पडत नाही, युरोपीय लोक इथे टिकले ते बड्या सत्तांशी नमते घेऊन, असे म्हटले.

कोकणातला अनुभव या बाजूला बराच पाठिंबा देतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलबारी नाविकांचा पाठलाग करायला पोर्तुगीजांनी स्वतःच वल्ह्यांच्या हलक्या नावांचे ताफे ठेवले. गोव्यापासून उत्तरेकडे चौल, वसई, दमणला जाणारे व्यापारी काफिले याच हलक्या नावांच्या पहाऱ्यात चालत. मोठे जहाज महासागर ओलांडायला आणि धाक बसवायला होते. रोजचा किनारा लहान नावांनी राखला. १६१२ आणि १६१५ मध्ये सुरतेजवळच्या सुवालीला इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या मोठ्या जहाजांना उथळ पाण्याच्या आडोशानेच तोंड दिले. मोठ्या जहाजाची ही अडचण युरोपीय विरुद्ध युरोपीय लढाईतही तशीच होती.

रेवदंड्याचा शेवटही इथेच मोजायला हवा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. जमिनीवरून सुरुंग लावून तट फोडला. चौलला मराठ्यांचा वेढा पडला आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. १५७१ मध्ये समुद्राच्या वाटेने तरलेला कोट १७४० मध्ये का तरला नाही? कारण मधल्या काळात समुद्राची वाट निर्वेध राहिली नव्हती. कुलाब्याला आंग्र्यांचे आरमार उभे होते, साष्टी आणि वसईचा मुलूख गेला होता आणि गोव्याची तिजोरी आटली होती. कोटाच्या भिंती आणि बुरुज होते तिथेच होते, त्यांच्यामागचे बळ आटले होते.

चौथी भूमिका: मराठ्यांचे उत्तर

चौथी भूमिका मराठी इतिहासलेखनातून वाढली. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत आरमाराला जागा दिली. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून पोर्तुगीज कागद उजेडात आणले. भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमारावरील ग्रंथ १९७३ चा. अहसान जान कैसर यांनी १९८२ मध्ये युरोपीय तंत्राला भारतीयांनी दिलेल्या प्रतिसादाची वस्तुवार छाननी केली. या लेखनाचा सूर असा की इथल्या लोकांनी पाहिले, निवडले आणि आपल्या पाण्याला जुळेल ते घेतले.

पिसुर्लेकरांनी दिलेला एक प्रसंग बोलका आहे. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांची जहाजे बांधली जात होती. तिथे रुई लैतांव व्हियेगश आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज कामावर होते. त्यांच्यासोबत तीनशेच्या वर माणसे होती. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले आणि त्या माणसांना फोडून काम सोडायला लावले. म्हणजे पोर्तुगीजांनी जपलेले गुपित तोफेपेक्षा जहाज आखणाऱ्या हातांचे होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात या निवडीचे तत्त्व सापडते. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे बांधायचे कारण नाही, असा त्याचा आशय. त्याच ग्रंथात टोपीकरांचे, म्हणजे युरोपीयांचे, बळ आरमार आणि दारूगोळा यांत आहे हे ओळखून त्यांना खाडीच्या आणि समुद्राच्या काठी वखारीला जागा देऊ नये, असेही बजावले आहे. १५१६ ची वखार आणि १५२१ चा कोट यांचा अनुभव इथे धोरण होऊन आला आहे.

हे धोरण कसोटीला उतरले का? १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांचे ‘रिव्हेंज’ मराठ्यांच्या पन्नासेक नावांपुढे ठाम उभे राहिले, मोठ्या जहाजाची ताकद त्या दिवशी दिसली. पण त्याच लढाईत ‘डव्ह’ मराठ्यांनी पकडले, आणि रात्री उथळ पाण्यातून बेटावर जाणारी रसद इंग्रजांना तोडता आली नाही. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे आणि पोर्तुगीज सैन्य यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, तीही जमिनीवरच्या लढाईत फसली. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज धरले.

उलट बाजू फेब्रुवारी १७५६ ची. ॲडमिरल वॉटसन ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’ अशी साठ-सत्तर तोफांची जहाजे घेऊन विजयदुर्गाच्या खोल खाडीत शिरला. दोन दिवसांत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ला पडला. कंपनीचे आणि डचांचे आधीचे हल्ले जिथे परतले होते तिथेच हे घडले. मध्यम जहाजांचे धोरण साठ-सत्तर तोफांच्या जहाजांपुढे टिकले नाही, असे काही लेखक म्हणतात. दुसरे दाखवून देतात की तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते आणि तुळाजीला जमिनीचा आधार उरला नव्हता. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणत्याला किती वजन द्यायचे हा वाद चालू आहे.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुराव्याच्या स्वरूपाचा. १५०८ आणि १५०९ च्या लढायांचे तपशील मुख्यतः कास्तान्येदा, बार्रोस, कोर्रेआ या पोर्तुगीज बखरकारांकडून येतात. पहिल्या दोघांची पुस्तके १५५१-५२ पासून छापून येऊ लागली, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी. जहाजांची संख्या, तोफांचा परिणाम, कोण आधी भिडले, यांत फरक आहेत. गोळ्यांनी किती जहाजे गेली आणि चढाई करून किती घेतली, हे ठरल्याशिवाय तोफ-शिडाच्या सिद्धान्ताला त्या दशकापुरता पक्का पाया मिळत नाही.

दुसरा प्रश्न मराठा जहाजांच्या मापांचा. गुराबेची वर्णने आपल्याला बहुतेक इंग्रज लेखकांकडून मिळतात. सुताराने काढलेली आखणी, फळ्यांची जाडी, तोफांचे वजन कुठे टाकले, याविषयी मापे हाती असती तर ‘मध्यम’ म्हणजे नेमके काय, हे सांगता आले असते. वाऱ्याच्या तोंडाशी गुराब किती तिरपी जाई, यावर तर युरोपीय जहाजाशी तिची सगळी तुलना अवलंबून आहे.

तिसरा प्रश्न तोफांचा. मराठ्यांना चांगल्या जहाजी तोफांसाठी पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच यांच्याकडे वळावे लागे. लोखंडी तोफा स्वस्तात आणि एकसारख्या ओतण्याचा उद्योग इथे का वाढला नाही, हा प्रश्न जहाजबांधणीपेक्षा धातुविद्येच्या आणि भांडवलाच्या इतिहासाचा आहे. त्या बाजूने काम थोडे झाले आहे.

चौथा प्रश्न समुद्राखालच्या पुराव्याचा. लिस्बनजवळ १६०६ मध्ये बुडालेले मिरीचे जहाज, नामिबियाच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये सापडलेले १५३३ चे ‘बॉम जेझूस’, ओमानजवळचे १५०३ चे जहाज, या शोधांनी पोर्तुगीज जहाजांविषयीचे ज्ञान बदलले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष, तोफा आणि हस्तिदंत शोधले. उत्तर कोकणाच्या नदीमुखांत अशाच चिकाटीने काम झाले तर पहिल्या दोन प्रश्नांनाही नवा पुरावा मिळू शकतो.

ताळेबंद

चारही भूमिका वाचल्यावर माझा निष्कर्ष असा. युरोपीय लढाऊ जहाजाचे श्रेष्ठत्व खरे होते, पण ते खोल पाण्याचे आणि लांब पल्ल्याचे होते. महासागर ओलांडून तोफा आणणे आणि वेढलेल्या कोटाला महिनोन् महिने रसद पुरवणे, यात त्याला इथे जोड नव्हती. इथवर चिपोला आणि आंद्राद बरोबर आहेत. किनाऱ्यावर मात्र त्या जहाजाला कोट लागे, कोटाला स्थानिक सत्तेची संमती किंवा दुबळेपणा लागे, आणि खाडीत भरती-ओहोटी जाणणाऱ्या लहान नावा लागत. इथवर मार्शल आणि सुब्रह्मण्यम बरोबर आहेत. मराठ्यांनी मध्यम जहाज निवडले ते डोळसपणे निवडले. त्या निवडीने किनारा जवळजवळ शंभर वर्षे राखला आणि खोल समुद्र परक्यांना सोडला. ही किंमत त्यांनी जाणून मोजली की नाइलाजाने, हे ठरवायला आज हाती असलेला पुरावा पुरत नाही.

हा पुरावा मिळवण्याच्या वाटा माहीत आहेत. गोवा आणि लिस्बन येथील दप्तरे मूळ पोर्तुगीजमधून वाचणारे मराठी अभ्यासक हवेत. पिसुर्लेकरांनंतर ती परंपरा क्षीण झाली आहे. रेवदंडा आणि कोर्लईतल्या तोफांची मापे, वजने आणि खुणा यांची नोंद होऊन ती मराठीत छापली जायला हवी, कारण उघड्यावरचे लोखंड दर पावसाळ्यात झिजते. कुंडलिकेच्या मुखाचे समुद्रतळाचे पद्धतशीर सर्वेक्षण व्हायला हवे, आणि त्यात इथल्या कोळी बांधवांना पाण्याखालच्या खडकांची आणि जाळी अडकणाऱ्या जागांची असलेली माहिती आधी नोंदवली जायला हवी. विद्यापीठे, पुरातत्त्व विभाग आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती यांनी मिळून हे काम हाती घ्यावे. त्याला लागणारा खर्च फार नाही, आणि उशीर मात्र आधीच बराच झाला आहे.